छताकडे वळवलेला फ्लॅश

नातीच्या बारशाला फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आमच्याकडे न धरता छताकडे वळवला. मी म्हटलं, "अरे, फोटो माणसांचा काढायचाय, पंख्याचा नाही."

तो हसला. "आजोबा, उजेड छतावर आपटून खाली येतो. थेट डोळ्यांत जात नाही, म्हणून कुणी डोळे मिटत नाही."

खरंच, पाळण्यातली पोरसुद्धा टुकूटुकू बघत राहिली.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. माझी बायको प्रत्येक फोटोत डोळे मिटायची. मी चारचौघांत खेकसायचो, "एवढं साधं जमत नाही तुला?" ती म्हणायची, "दिवा तोंडावर मारल्यावर कसे उघडे राहतील?" चूक तिची नव्हतीच. ती गेली तेव्हा डोळे उघडे असलेला एकही फोटो सापडला नाही. भिंतीवर हार घातलाय तो मिटल्या डोळ्यांचाच.

वाटायचं, तसा फोटो नसेना का, तिचे डोळे मला आठवतायत. पण रोज तोच फोटो बघून बघून आता भीती वाटते. तिचे डोळे काळे होते की तपकिरी, काल नक्की सांगता येईना. तिच्या बहिणीला विचारता येईल. पण कोणत्या तोंडाने विचारू? एवढा संसार करून हा माणूस बघत कुठे होता, असंच तिला वाटेल.