वजा तेरा

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. विद्यापीठाच्या नावासाठी जो मोर्चा निघेल त्याची पत्रकं आबा सोनपेठच्या बाजारात वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. अठ्ठ्याहत्तर साली आमच्या वस्तीतली घरं पेटवली गेली तेव्हा मी पहिलीत होतो. त्यात काय काय गेलं ते मायला पाठ आहे. मला आठवतो तो त्यानंतरचा आबांचा हट्ट, की ज्याला लिहिता येतं त्यानं लिहीत राहायचं. म्हणून मी लिहितो. पण हे पत्रक नाही. पत्रकात जे बसलं नाही ते इथं लिहितोय.

बी.एस्सी.साठी परभणीला आलो आणि एका संगणक क्लासला चिकटलो. चपलांच्या दुकानावरची माडी, तीन संगणक, एक पंखा. यंत्रांना धूळ लागू नये म्हणून चपला जिन्यात काढाव्या लागत. फी भरणं जमत नव्हतं, तर सरांनी नव्या पोरांना शिकवायचं काम दिलं आणि फीचं नाव काढलं नाही. सर दुसऱ्या जिल्ह्यातले, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, बोलायला सरळ. सी भाषा शिकवताना पहिल्याच दिवशी ते म्हणाले की इथं प्रत्येक आकड्याची जात आधी सांगावी लागते. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरांनी एकवार वर्गाकडे पाहिलं आणि त्यानंतर ते नेहमी ‘प्रकार’ म्हणत.

इंट म्हणजे लहान पूर्णांक, लाँग म्हणजे मोठा, फ्लोट म्हणजे दशांशवाला. दोन वेगळ्या प्रकारांचे आकडे एका गणितात आले, की कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लहानाला उचलून मोठ्याच्या प्रकारात बसवतो आणि मगच गणित करतो. मोठ्याला खाली ओढत नाही. लहानाला अर्ज करावा लागत नाही. कापाकापी होते ती उत्तर लहान खणात ठेवताना: तीन पूर्णांक नव्याण्णव शतांश इंटमध्ये ठेवले की उरतात फक्त तीन, आणि कंपायलर त्याबद्दल कुरकुरतोच असं नाही. मला तो पहिला नियम इतका आवडला की खोलीवरच्या मित्रांना मी तो सांगत सुटलो. आमच्या गावातल्या पंगतीत असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. एकानं विचारलं, तुझ्या कंपायलरला जिल्हा परिषदेला उभं करायचं का?

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण दहावी झाली. सातशेपैकी पाचशे एकसष्ट. आमच्या गावात तेवढे कुणालाच पडले नव्हते, पाटलाच्या पोरालाही नाही. तिला शास्त्र शाखेला जायचं होतं, परभणीला. रोज जाऊन येऊन जमणारं नव्हतं आणि मी दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहत होतो, तिथं तिला ठेवणं शक्य नव्हतं. परभणीत एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथं जागा मिळाली तर शास्त्र, नाही तर सोनपेठला जे मिळेल ते. एवढं सगळं त्या एका खाटेवर होतं.

वसतिगृहाची चाचणी तिनं दिली. यादी लागली तेव्हा मी गावी होतो, आठवड्यानं येऊन पाहिली. तिचं नाव नव्हतं.

फळ्यासमोर उभा असतानाच माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. आडनाव बघून कापलं, दुसरं कारण असूच शकत नाही. पहिलं वाक्य तर मी मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शेजारचा गृहस्थ बाजूला सरकला. पण ती यादी आमच्याच क्लासमधून निघाली होती, हे मला माहीत होतं. संस्थेनं मार्क पाठवले होते, सरांनी प्रोग्राम लिहिला होता. म्हणून छापखान्यात जायच्या आधी मी माडी चढलो आणि सरांना सरळ विचारलं, तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का. सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, तूच टाइप कर तिचे मार्क.

दहावीचे पाचशे एकसष्ट. चाचणीत शंभरपैकी ब्याऐंशी. दहावीला साठ टक्के वजन, चाचणीला चाळीस. पडद्यावर उत्तर आलं: वजा तेरा.

सर पुढे झुकले. परत टाइप करायला लावलं. परत वजा तेरा. मग त्यांनी प्रोग्राम उघडला आणि ती एक ओळ आम्ही दोघं बघत राहिलो. दहावीचे मार्क गुणिले साठ, भागिले सातशे. उत्तर ठेवायला सरांनी मुद्दाम लाँग घेतला होता, मोठा खण, आकडा मावावा म्हणून. चूक तिथं नव्हती. मार्क इंट होते आणि साठ हाही इंट. कंपायलर गुणाकाराच्या वेळी फक्त त्या दोघांकडे बघतो. उत्तर कुठल्या मोठ्या खणात जाणार आहे हे तो तेव्हा विचारातच घेत नाही. दोन्ही लहान, म्हणून गुणाकार लहानात. त्या यंत्रावर इंटमध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर काही मावत नाही. त्यापुढे गेला की आकडा थेट उणेत घसरतो. पाचशे सेहेचाळीसपर्यंतच्या सगळ्या मुलींचे गुणाकार मावले. त्याच्या वर मार्क असलेल्या मुली तळाला गेल्या. आणि सरांनी यादी वरच्या चाळिसांचीच छापली होती, त्यामुळे तळाला कोण आहे हे कुणी बघितलंच नाही.

सरांनी साठच्या मागे एल हे अक्षर लावलं. आता साठ लाँग झाला, त्यानं मार्कांना आपल्या प्रकारात वर घेतलं, आणि बहिणीचे ऐंशी आले. यादीत पहिली.

 सर म्हणाले, मी साडेचारशे, चारशे असे आकडे घालून तपासलं होतं. इतके मार्क कुणाला असतील असं डोक्यातच आलं नाही.

सगळ्या मुलींचे आकडे परत काढले. तळाला गेलेली आणखी एक होती, पाचशे बावन्नवाली, पिंगळीकडच्या एका बागायतदाराची मुलगी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं संस्थेच्या चिटणीसांकडे गेलो. निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, हातात सुपारीचा अडकित्ता. सरांनी सगळी चूक आपल्यावर घेतली, काहीही लपवलं नाही. चिटणीसांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला.

“म्हणजे आमचा दोष न्हाई,” ते म्हणाले. “मला लोक विचारायलेत, त्या वस्तीतल्या पोरीचं कामून न्हाई आलं म्हणून. आता सांगता येईल, मशीनचं चुकलं.”

मी म्हटलं, मग आता दुरुस्त करा.

खाटा चाळीस, त्यांनी समजावलं, मुली येऊन राहिल्यात, फळीवर भांडी लावलीत. त्यातल्या कुणाला बाहेर काढू ते तुम्हीच सांगा. पुढच्या वर्षी अर्ज करा, मी स्वतः लक्ष घालीन.

तेवढ्यात आतल्या हौदावरून एक मुलगी बादली घेऊन गेली. तिच्या मागून दुसरीनं हाक मारली आणि हाकेतलं नाव मी ओळखलं. कालच पडद्यावर ते नाव वाचलं होतं, वजा आकड्याच्या शेजारी. पाचशे बावन्नवाली. मी विचारलं, ही यादीत नव्हती, मग इथं कशी.

“तिच्या वडलानं खाट घरून आणली,” चिटणीस म्हणाले. “घरची माणसं हायत. न्हाई कसं म्हणावं?”

“आमीबी आणतो खाट. आजच आणतो.”

त्यांनी सुपारी कातरली. “पोरा, खाटेचं न्हाई रे. खोलीत जागा पायजे. अन् तुमच्या चार मुली हायत की यादीत. मशीननं कुठं भेद केला? तूच सांगितलंस ना आत्ता?”

मीच सांगितलं होतं. खरं होतं म्हणून सांगितलं होतं. सर मान खाली घालून बसले होते. मला पहिल्यांदा वाटलं, काल माडी चढलो नसतो आणि खोटं पत्रक छापलं असतं, तर या माणसाला घाम तरी फुटला असता. हा विचार मला अजून आवडत नाही.

गावी गेलो तेव्हा बहीण चुलीपुढे होती. तिला सगळं समजावून सांगितलं, खण, गुणाकार, उणे आकडा. ती लक्ष देऊन ऐकत होती. गणित तिचं माझ्याहून चांगलं आहे.

“म्हणजे जास्त पडले म्हणून खाली गेले?”

मी हो म्हटलं.

“मग आधी सांगायचं की, दादा. चारदोन प्रश्न सोडून दिले असते.” ती हसली. माय हसली नाही. “अन् ती दुसरी?”

“ती आत हाय.”

मग तीही हसायची थांबली.

मी नवं पत्रक लिहिलं. यंत्रावर एक शब्दही आरोप केला नाही. यंत्राची चूक दोन मुलींना सारखीच लागली, माणसांनी ती एकीची दुरुस्त केली आणि एकीची नाही, एवढंच लिहिलं, दोघींच्या मार्कांसकट. माझं आजवरचं सगळ्यात खरं पत्रक होतं ते. छापखान्यातून कच्चा कागद आणला आणि तिला दाखवला.

तिनं उभ्यानंच वाचला. “माझे मार्क काढ यातून. तिचेबी काढ.”

मग पुरावा काय राहील, मी विचारलं. आवाज चढला असेल. आबा माझ्या बाजूनं बोलले, की लपवायचं कामून, आपण चोरी केली का.

“मला सोनपेठच्या कॉलेजात बसायचंय, आबा. दोन वर्षं. समदे म्हणतील, ती बघा, मशीननं टाकलेली.” ती माझ्याकडे वळली. “तुझं पत्रक चार दिवसाचं हाय.”

माय म्हणाली, काढ बाबा.

मी दोन दिवस तो कागद खिशात घेऊन हिंडलो. मग छापखान्यात जाऊन दोघींचे मार्क काढायला सांगितले, आणि मार्कांवर उभी असलेली तुलनाही गेली. उरलं ते, ‘एका विद्यार्थिनीवर अन्याय’. असं वाक्य आमच्या प्रत्येक पत्रकात असतं. लोकांनी ते वाचलं, घडी घातली, आणि बाजारात त्यात शेंगा बांधल्या गेलेल्या मी पाहिल्या. चिटणीसांना कुणी काही विचारलं नाही. सरांनी संस्थेचे पैसे परत केले आणि वर्षभरात क्लास बंद करून ते त्यांच्या जिल्ह्यात निघून गेले.

सोनपेठला शास्त्राचे प्रवेश तोवर संपले होते. बहिणीनं कला शाखा घेतली. यंदा ती बारावीला आहे, इतिहास आणि अर्थशास्त्र. अकरावीत मार्क किती पडले ते मी विचारलं, आबांनी विचारलं. पास झाले, म्हणते. आकडा सांगत नाही.