आपांचा पहिला सवाल

कुणाचंही व्याख्यान संपलं, की सर्वांत आधी आपांचा हात वर जायचा आणि त्या हमखास एखादा बाळबोध प्रश्न विचारायच्या. नवख्या माणसाला वाटावं, या बाईंनी बायोकेमिस्ट्री शिकवली तरी कशी? अकोल्याच्या एका कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तोच विषय शिकवला होता. आपा, म्हणजे थोरली बहीण, असंच सगळे त्यांना म्हणत. निवृत्तीनंतर प्रथिनांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्या नवशिक्यांसाठी त्यांनी चर्चासत्र सुरू केलं. महिन्यातून एक शनिवार. एकदा अमरावतीत, एकदा अकोल्यात. वक्ते बोलावण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं आपाच करत.

मी एकदा त्यांना त्या प्रश्नांचं कारण विचारलं. "बेटा, येडा सवाल अगोदर मीच इचारून टाकते," त्या म्हणाल्या. "मंग बाकीच्याइले लाज वाटत नाही."

अमरावतीची पाळी असली, की त्या एसटीनं येत. प्रोजेक्टर जुना, धक्का लागला की रुसणारा. म्हणून तो ओढणीत गुंडाळून मांडीवर घेत. एका कंडक्टरनं त्या गाठोड्याकडे पाहून लेकराच्या तिकिटाचं विचारलं होतं म्हणे. "तीन वर्साचं आहे, भाऊ. त्याले तिकीट लागत नाही," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं.

मी हिवरखेडचा. घरी शेती, शाळा मराठी. तुरीच्या दाण्यातलं एक प्रथिन अळीचं पचन बिघडवतं, त्यावर माझी पीएच.डी. चालली होती. पहिल्यांदा बोलायला उभा राहिलो आणि तिसऱ्याच स्लाइडवर माझं इंग्रजी संपलं. आपा म्हणाल्या, "ते राहू दे. दाणे भिजवले होते का वाळलेलेच दळले?"

"भिजवले ना आपा, रातभर."

"मंग पुढचंही असंच सांग."

मी उरलेलं सगळं वऱ्हाडीत सांगितलं. मागे कुणीतरी नाक मुरडलं, तेव्हा आपा वळून म्हणाल्या, "प्रोटीनले भाषा नाही समजत. मले समजते." त्या दिवशी मी संशोधक झालो, असं मी मानतो.

पुढे एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख आमच्या अमरावतीच्या चर्चासत्रात बोलायला आले. त्यांच्याकडे जागा निघणार होती आणि मला ती हवी होती. प्रथिनांचा गुंता झाला, की त्यांच्या नळीतला रंग चमकायचा. त्यांचं नवं औषध घातलं, की ती चमक बदलायची. सुंदर आलेख होते. शेवटी आपांचा हात वर गेला.

"सर, नळीत प्रोटीन टाकलंच नाही, फक्त रंग अन औषध ठेवलं, तर चमकते का?"

सर हसले. "मॅडम, प्रोटीनच नाही तर चमकणार काय?"

सभागृह हसलं. मीही हसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. सरांना गाडीपर्यंत सोडताना मी म्हणालो, "त्या रिटायर्ड आहेत सर. आम्ही ऐकून घेतो त्यांचं." मागे पावलं वाजली. आपा उभ्या होत्या, हातात सत्काराची शाल. "सरांची राहिली होती," एवढंच म्हणाल्या.

मला ती जागा मिळाली. शिफारसपत्र आपांनीच दिलं, तेही मी मागण्याआधी.

तिथं दुसऱ्या वर्षी माझे आकडे जुळेनात. शेवटी एका दुपारी मी आपांची नळी लावली. रंग आणि औषध, प्रथिन नाही. नळी चमकली. म्हणजे चमकेतला तो बदल प्रथिनामुळे नव्हताच, रंग आणि औषधामुळेच होता. मी निकाल सरांपुढे ठेवला. हे सरांच्या बाजूनं सांगायलाच हवं, त्यांनी चूक तिथल्या तिथे मान्य केली. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तपासून पाहावं, असं तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मलाच सुचलं, सर."

सरांना आपांचा प्रश्न आठवत नव्हता, खोलीत अमरावतीचं कुणी नव्हतं. पाठ थोपटली गेली. पुढची बढतीही त्याच नळीवर मिळाली.

दिवाळीला गावी जाताना मुद्दाम अकोल्यात उतरलो. आपांना सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. घरात पाहुणे होते. भाऊ, भावजय, शेजारणी. प्रत्येक जण त्यांच्या कानाशी ओरडून बोलत होता. मी समोर बसलो. आपांनी माझा हात धरला आणि त्याच सगळ्यांना सांगू लागल्या, "हा माझा विद्यार्थी. यानं येवढ्या मोठ्या सरांची चूक पकडली. मले समजलं बरं का, बेटा! प्रोटीन नसलेली नळी लावली म्हणे तूनं."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही. एक वाक्य बोलायचं होतं, पण ते ओरडून बोलावं लागणार होतं आणि सगळं घर ऐकणार होतं.

"शाबास," आपा म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो, आपा." तेही त्यांना ऐकू गेलं नसावं.

पुन्हा येऊन निवांत, कागदावर लिहून सांगू, असं ठरवत अकोटची एसटी धरली. होळीच्या आधी आपा गेल्याचा फोन आला. मिट्टीला, म्हणजे दफनाला, मी पोचलो नाही. त्या दिवशी मला एका मोठ्या सभागृहात बोलायचं होतं. विषय होता त्या नळीचा. पहिल्या स्लाइडवर माझं एकट्याचं नाव होतं.