शि/फाची पाटी

भाजीवाल्यानं काटा उचलला की मी आधी त्याच्या अंगठ्याकडे बघते. कुणी विनाकारण गोड बोललं की घरी आल्यावर पर्स उघडून पाहते. नवरा म्हणतो, हिला कावीळ झालीय, सगळं जग पिवळं दिसतं. असेल. पण लोणंदला संगणकाचे क्लास घेण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. दुसऱ्याची फाईल उचलून, वरचं नाव तेवढं बदलून, माझ्याच हातात आणून देणारे इतके पाहिले की संशय हा मला दोष वाटेनासा झाला.

मला नाद आहे तो आगगाडी चालवण्याच्या खेळाचा. हा संगणकावरचा खेळ. त्यात आपण ड्रायव्हर व्हायचं. खेळासोबत येणारे रूळ परदेशातले असतात, पण आपले रूळ आपण तयार करून त्यात घालता येतात. मी तेच करते. रूळ, स्लीपर, खडी, पूल, फाटकं, पाट्या, एकेक वस्तू संगणकावर घडवायची आणि जागच्या जागी बसवायची. आमच्या लाईनीचं दुहेरीकरण झालं, वर विजेच्या तारा आल्या, आणि लोणंदहून सालपे, आदर्की, वाठार करत साताऱ्याला जाणारी जुनी एकेरी लाईन बघता बघता दिसेनाशी झाली. तिची धड नोंद कुणी ठेवली नाही याचाच मला राग आला होता. म्हटलं, आपणच करू.

सालप्याच्या पुढं एका फाटकापाशी मी टेप आणि फोन घेऊन उभी होते. त्या भागात मापं घेणारं माणूस दिसलं की लोक सावध होतात, कारण मापानंतर जमिनीच्या नोटिसा येतात हे त्यांना पाठ झालंय. काठी टेकवत एक म्हातारे गृहस्थ आले आणि मोजणी कुणाच्या रानाची चाललीय ते विचारलं. मी म्हटलं, खेळासाठी मोजतेय. त्यांना ते पटलं नाही. मलाही वाटलं, हा आता कुणाला तरी फोन करून बोलावणार. दोघं बराच वेळ एकमेकांना चोर समजून उभे राहिलो. शेवटी मी फोनवर माझे रूळ दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरला आणि म्हणाले, वळणावर बाहेरचा रूळ वर उचललेला असतो, तो उचला आधी, न्हाईतर गाडी पडंल.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले कीमन. गावात सगळे चावीवाले म्हणतात, मी काका म्हणू लागले. रूळ स्लीपरला धरून ठेवणारी जी वाकडी लोखंडी क्लिप असते तिला ते चावी म्हणत. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेली लाईन चालायची आणि प्रत्येक चावी बघत जायची, शंका आली की ठोकून बघायची. नोकरीची सगळी वर्षं हेच काम. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, खडीवर पाय ठरत नव्हता. घरातून लाईन दिसायची, पण तिथवर जाता येत नव्हतं.

मी त्यांच्या घरी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर खेळ आणि माझी लाईन दोन्ही घालून दिलं. लॅपटॉप मुलाचा. मुलगा शिरवळला कंपनीत, त्यानं नवा घेतल्यापासून हा पडूनच होता. काकांनी खेळातली गाडी कधी जोरात पळवली नाही. माणूस चालेल इतक्या वेगानं ते इंजिन हाकायचे आणि डोळे खाली रुळावर. आपली जुनी हद्द ते रोज चालून यायचे, खुर्चीत बसून. मी रविवारी गेले की चुकांची यादी तयार. आदर्कीची खडी काळी, तुमची लय पांढरी. पुलावरचे स्लीपर लाकडाचे हुते. ह्या खांबापाशी गवत कशाला, आमी ऱ्हाऊ देत न्हवतो. चांगलं झालंय असं एकदाही म्हणाले नाहीत. मी मात्र आठवडाभर त्या रविवारच्या बोलण्यांसाठी राबायचे, हे कबूल केलं पाहिजे. इतकं लक्ष देऊन माझं काम आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

असंच एकदा ते पोट धरून हसले. फाटकाच्या अलीकडे एक पिवळी पाटी असते, ड्रायव्हरनं तिथं शिट्टी द्यायची. वर इंग्रजी अक्षरं, खाली ‘सी/फा’. हिंदीतलं सीटी आणि फाटक. मी आपल्या मराठी डोक्यानं शिट्टी धरून ‘शि/फा’ लिहून टाकलं होतं. हसता हसता ते सांगू लागले, “आवं ताई, एक डाव हितं...” पण चूक काढून घेणं वेगळं आणि हसून घेणं वेगळं. मी कळलं, कळलं म्हणत विषय तोडला. घरी येऊन सगळ्या पाट्या दुरुस्त केल्या. एक सोडून. ती मुद्दाम ठेवली. उद्या कुणी माझी लाईन चोरली तर त्या एका ‘शि’वरून पकडता येईल, असा माझा हिशेब.

दोन महिन्यांनी खेळाच्या मंडळींच्या ग्रुपवर सांगलीच्या कुणीतरी भिलवडीच्या बाजूची लाईन टाकली. उतरवून घेतली, गाडी सुरू केली, आणि पहिल्याच फाटकापाशी पिवळी पाटी आली. शि/फा.

मी गाडी तिथंच थांबवली. माझी फाईल माझ्याशिवाय एकाच घरात होती.

सरळ विचारावं असं मनात आलं नाही, ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी आडून आडून विचारू लागले. लॅपटॉप कोण कोण वापरतं? सांगलीला पाहुणे आहेत का तुमचे? काका म्हणाले, धाकट्या बहिणीला मिरजेला दिलीय. झालं, मला दुवा सापडला. मुलगा घरी होता, माझी नजर भिडताच तो उठून बाहेर गेला. चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःशी म्हटलं. त्याला तेव्हा फोन आला होता हे माझ्या कानांनी ऐकलं होतं, पण कानांवर विश्वास ठेवायचा नाही असं त्या दिवसांत मी ठरवूनच टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी खोटं बोलले. या फाईलमध्ये बिघाड आहे, संगणक खराब होईल, असं सांगून जुनी लाईन लॅपटॉपवरून पुसली. नवी घातली तिला पासवर्ड लावला आणि म्हटलं, अजून काम चालू आहे, मी येईन तेव्हाच उघडू. मग मधल्या दिवसांत बघता यायचं न्हाई का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. वर आणि तीन रविवार गेलेच नाही.

त्यातल्या तिसऱ्या रविवारी मी सांगलीला गेले, चोराला समोरासमोर धरायला. पत्ता ग्रुपवरूनच मागून घेतला होता. दुकान पाट्या रंगवणाऱ्याचं निघालं. एक तरुण माणूस मशीनवर रेडियमची अक्षरं कापत होता. मी बसायच्या आधीच पाटीचं विचारलं. माझ्या लाईनीतली ही ‘शि’ तुम्हाला कुठं मिळाली?

तो गोंधळला, मग खुशीत आला. म्हणाला, “तुमच्या नजरेत आली व्हय? आमच्या अब्बांची हाय ती.” ठेकेदाराकडून पाट्यांचं काम आलं होतं, सालप्यापासून भिलवडीपर्यंतच्या आठदहा पाट्या. नमुन्याच्या कागदावर पावसाचं पाणी पडून अक्षर पुसट झालेलं. अब्बांना वाटलं, शिट्टी म्हणजे शि. सगळ्या पाट्या तशाच रंगवल्या. वर्षभर त्या उभ्या होत्या, मग पुन्हा रंगवून घ्याव्या लागल्या. त्यानं फोनमध्ये फोटो दाखवला. ओल्या पाटीशेजारी ब्रश धरून उभे असलेले त्याचे वडील, आणि पाटीवर ठसठशीत शि/फा. आता त्यांचा हात थरथरतो, लिहवत नाही, म्हणून त्यांच्या हातचं अक्षर त्यानं फोटोवरून जसंच्या तसं खेळात उतरवलं होतं.

मग त्यानं मला न्याहाळलं. “पण ताई, तुमच्या लाईनीत बी हीच पाटी हाय म्हणताय. तुमी कुठनं घेतली?”

मी सांगितलं, माझी चूक आहे ती, मी स्वतः केलेली. त्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

बाहेर स्टँडकडे चालताना मला ते हसणं आठवलं. ‘एक डाव हितं’ म्हणून काका जे सांगू लागले होते ते हेच. त्यांच्या हद्दीतली पाटी त्यांनी पाहिलेली असणार. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. एसटीत खिडकीशी बसून मला इतकी लाज वाटली की साताऱ्यापर्यंत कुणाकडे मान वळवली नाही.

दुसऱ्याच दिवशी क्लास बंद ठेवून सालप्याला गेले. पासवर्ड काढला, लाईन उघडून दिली, आणि काय केलं ते सगळं सांगितलं. तुमच्यावर चोरीचा आळ घेतला होता, मुलावरही, हेही सांगितलं. काका रागावले नाहीत. मुलाला हाक मारून चहा टाकायला सांगितला. मग गुडघा चोळू लागले.

“कुलूप लावलं तवाच कळलं हुतं मला,” ते म्हणाले. “आवं, संशय आमच्या पोटापान्याचा हुता. चावीचा संशय आला तर ठोकून बघायचो, जागच्या जागी. तुमी ठोकलंच न्हाई. न इचारता काढून न्हेलं.”

मी माफी मागितली. ऱ्हाऊ द्या हो, ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हे मला दिसत होतं. चहा घेतला. सांगलीच्या पाटीवर दोघं थोडे हसलोही.

अजून मी दर रविवारी जाते. लाईन आता पार साताऱ्यापर्यंत पोचलीय. त्यात चुका आहेत, मला माहीत आहे. दोनचार तर मी स्वतःच ठेवून पाहिल्या, वाठारच्या पुढच्या वळणाचा रूळ सपाट ठेवला, आदर्कीला पांढरी खडी टाकली. काका डोळे खाली रुळावर ठेवून गाडी हळूहळू पुढं नेतात, त्या वळणावरून, त्या खडीवरून, आणि शेवटी चष्मा काढून म्हणतात, “बेस झालंय, ताई. काय बी चूक न्हाई.”