विदर्भातला वारा

चैत्रातल्या सकाळी रेडिओवर हवामान सांगत होते. विदर्भात सोसाट्याचा वारा सुटेल, आमच्या सांगलीकडे हवा कोरडी राहील. ते ऐकून बायको लगबगीने गच्चीवर गेली आणि कुरडया वाळत घातलेल्या जुन्या साडीच्या कोपऱ्यांवर दगड ठेवू लागली. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"अगं, वारा तिकडे आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला. पण कुरडया तिकडेच जायच्यात ना!"

लेक यंदाच लग्न होऊन अमरावतीला गेली. आजवर हवामानात विदर्भ आला की मी खुशाल रेडिओ बंद करायचो. आता तिथली धूळसुद्धा आपल्याच अंगणातली वाटते.

साडीचा चौथा कोपरा अजून मोकळा होता. मी दगड शोधायला वाकलो.