नाक मुरडणारा शेजारी

कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावर समुद्र जिथे डोंगरांच्या आत शिरतो, त्या फियॉर्डच्या काठी मूठभर घरांची वस्ती आहे. तिथला पाण्याचा प्लांट दुरुस्त करायला मी एडमंटनहून गेलो होतो. काम संपलं, पण धुक्यामुळे फ्लाइट येईना. दोन्ही बाजूंचे कडे अंगावर येत. घरात बसवेना, बाहेर थंडीत उभं राहवेना.

शेजारचा म्हातारा, तिथल्या मूळच्या इनुइट लोकांपैकी, मात्र रोज पायरीवर निवांत बसलेला. कप दोन्ही हातांत, नजर पाण्यावर, बोलणं जवळजवळ नाहीच. मी दार उघडून विचारायचो, "आज फ्लाइट येईल का हो?" तो माझ्याकडे बघून नाक मुरडायचा.

आता नाक मुरडण्याचा अर्थ मराठी माणसाला काय शिकवायचा? माझ्या दारातून हिंग-लसणाच्या फोडणीचा वास बाहेर जायचा. आधी राग आला, मग ओशाळल्यासारखं झालं. हिंगाची डबी बॅगेत टाकली आणि ब्रेड-जॅमवर दिवस ढकलू लागलो.

एका सकाळी त्यानेच दार ठोठावलं. "तो वास कुठे गेला?"

"तुम्हाला आवडायचा?"

त्याने भुवया उंचावल्या.

"मग नाक का मुरडत होतात?"

"तू फ्लाइटचं विचारायचास. मी 'नाही' म्हणायचो," तो म्हणाला. "आम्ही नाकाने 'नाही' म्हणतो, भुवयांनी 'हो'."

मी बॅगेतून डबी काढली. "वरण-भात खाणार?"

भुवया पुन्हा वर गेल्या. फ्लाइटचं त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं.