गंगा कुठं वाहते

खसाच्या अत्तराचा वास आला की मला निजामाच्या काळातली पूर्णेकडची ती मिडल शाळा आठवते. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, नवाच मास्तर, आणि शाळा आपणच सुधारणार ही घमेंड. त्या दिवशी तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. अत्तर वर्गभर दरवळलं, पोरं उठून उभी राहिली. साहेबांनी विचारलं, “गोदावरी किस सम्त बहती है?” पोरं तिच्याच काठची, घरी तिला गंगा म्हणणारी, पण ‘सम्त’ म्हणजे दिशा हे ठाऊक नाही, म्हणून उत्तर एकालाही येईना. साहेबांची छडी टेबलावर वाजायला लागली. दारातून सदर मास्तर, म्हणजे आमचे हेडमास्तर, मला गप्प राहा म्हणून खुणावत होते. उर्दू सोडून मराठीत शिकवलं म्हणून आधीचा एक मास्तर घरी बसला होता, आणि आमचं सारं घर माझ्या पगारावर होतं. तरी पुढं होऊन म्हणालो, “इजाजत हो तो मैं पूछूं, साहब?” अन् पोरांकडं वळलो, “आपली गंगा कुन्या अंगाला वाहती रं?” सगळा वर्ग एकदम बोलला, “उगवतीकडं.” साहेब माझ्याकडं वळले. “फिर उर्दू कब सीखेंगे?” मी म्हणालो, “समझेंगे तो सीखेंगे, साहब.” ते छडी उचलून निघून गेले. सदर मास्तर घाम पुसत आत आले. “बी.ए. सायेब, मला बी घरी बसवता का?” मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, “उद्या माझ्या वर्गाला बी असंच इचारा.” कित्येक दिवस मी घरी बसवायच्या हुकमाची वाट पाहिली, तो आला नाही. पुढं मीही सदर मास्तर झालो. आता माझ्यापुढं बोलताना एखाद्या नव्या मास्तराचा आवाज कापला, की मी त्याला खुर्ची देतो आणि त्याचं सगळं ऐकून घेतो.