भांगाला ये

आमचे हे एकोणीस वर्षं आखातात होते आणि एकोणीस वर्षं फोनवर त्यांचं एकच पालुपद असायचं. तिथे म्हणे किनाऱ्यावरून चालतच गुडघाभर पाण्यात शिरायचं, डोळ्यांवर काचेचा चष्मा चढवायचा आणि पाण्यात मान घालायची, की खाली रंगीत मासे. बोटीबिटीची गरज नाही. "तुला एकदा दाखवीन. आपल्या समुद्रात काय हाय? नुसता चिखल." मी म्हणायचे, मला मासा कालवणात दिसतो तेवढा पुरे.

मग त्यांना झटका आला. रोह्याला घरी आले ते उजवं अंग आणि वाचा तिकडेच ठेवून आल्यासारखे. अकरा महिने एक शब्द नाही. आधी हातवारे करायचे, मग तेही सोडलं. शेवटी शेवटी घास भरवायला गेलं की भिंतीकडे तोंड फिरवायचे. पेणचे डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे. जगावंसं वाटायची गोळी कुठल्या दुकानात मिळते, असं मी त्यांना विचारणार होते. परतताना मी एकटी वडखळच्या कोंडीत तासभर अडकले, तेव्हा रडून घेतलं.

त्यांच्या बॅगेत तळाशी तो चष्मा सापडला, नळीसकट. मी तो धुवायला नेऊ लागले तर डाव्या हाताने असा घट्ट धरला की सुटेना. कित्येक महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी ठरवलं, दाखवायचं. गुडघाभर, निवळ पाणी, किनाऱ्यावरून चालत जाता येईल असं. पुतण्याची रिक्षा घेऊन मी एकटीच शोधत फिरले. अलिबागला गढूळ. काशीदला वाळू छान, पाणी चहासारखं. इकडे ते महिन्याभरात इतके उतरले होते की सदऱ्यातून हाडं मोजता येत होती, आणि मी त्यांना भरवायचं सोडून समुद्र चाखत हिंडत होते. जाऊबाई म्हणाली, "येडी झालीस व्हय गो?" झालेच होते.

माझं माहेर पेणकडचं, भातशेतीचं. समुद्राचं मला एवढंच ठाऊक की अमावास्येला पाणी फार लांब ओसरतं. म्हणजे तेव्हा उथळ, म्हणजे तेव्हा दिसेल. दिवाळीनंतरच्या अमावास्येला संध्याकाळची ओहोटी गाठून मी रेवदंड्याच्या पुढे खडकाळ किनाऱ्यावर गेले. चष्मा लावून पाण्यात तोंड घातलं. माझा स्वतःचा हातसुद्धा दिसेना. मी तिथेच खडकावर बसून समुद्राला शिव्या घातल्या, मोठ्याने.

शेजारी एक कोळीण खडकावरची कालवं फोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गो बाय, उधानाला पानी गढूळच असतंय. भांगाला ये."

भांग मला केसांचा माहीत. दुसरी प्यायची, ती आमच्यात कुणी घेत नाही. मी तसं म्हटलं तशी ती हसली. अमावास्या-पुनवेला समुद्र जोरात चढतो, जोरात उतरतो आणि तळाचा गाळ घुसळतो, ते उधाण. अष्टमी-नवमीला त्याच्यात जोर नसतो, गाळ खाली बसतो, तो भांग. त्यात ओहोटी भर दुपारी, ऊन थेट तळाशी. म्हणजे मी नेमका उलटा दिवस निवडला होता.

आठ दिवसांनी यांना रिक्षात घालून नेलं. सोबत प्लास्टिकची खुर्ची. कोळणीने एक बाजू धरली, मी एक, पुतण्याने खुर्ची खडकांनी अडवलेल्या पाण्यात रोवली. पाणी गुडघाभर आणि खरंच निवळलेलं. माझ्या पायाची बोटं मला दिसत होती. नळी त्यांच्या ढिल्या ओठांत राहीना, म्हणून नुसता चष्मा चढवला, कपाळाला हात लावून मान पाण्यात वाकवली आणि मनात दहा आकडे मोजले.

वर घेतलं. तोंडावरून पाणी ओघळत होतं. ओठ हलले. "नाय."

कोळणीने टाळी वाजवली, पुतण्या ओरडला. मी मात्र चष्मा त्यांच्या कपाळावर सरकवला. अकरा महिन्यांनी माणूस बोलला आणि काय, तर नाय. त्यांचा समुद्र हा नव्हता. दोन करडे मासे, एक खेकडा आणि शेवाळ, एवढंच तर होतं तिथे. तिकडचे रंग मी कुठून आणणार होते? किती दिवस मी वेड्यासारखी धावले, आणि जे आणलं ते त्यांनी एका शब्दात परत केलं. मला रडू आवरेना. त्यांच्यासमोर कधी रडले नव्हते, तेव्हा रडले.

भरतीचं पाणी गुडघ्याशी खेळायचं सोडून मांडीला लागलं, तशी कोळीण म्हणाली, आता निघा. मी डोळे पुसले, त्यांच्या काखेत हात घातला आणि म्हटलं, "चला, घरी जायचं?"

"नाय," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढायला लागले.